केशरबाईची निष्पादिका

६ जानेवारी, सोमवार

पोचले! सावेडीतल्या घराला कुलूप लावून सकाळी निघाले आणि जेवणाच्या वेळेला श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या पुढे या वस्तीवर हजर. फाट्यावर ज्ञानेश्वर स्वतः जीप घेऊन उभा होता. मला वाटलं होतं, विरुद्ध पार्टी आहे, कपाळाला आठ्या घालून येईल. त्याने वाकून नमस्कार केला, बॅग काढून घेतली आणि म्हणाला, "ताई, गार वारं हाय, काच वर करा." वाटेत उसाचे ट्रॅक्टर, कालव्याचं पाणी, मळीचा तो गोडसर कुबट वास. मन प्रसन्न झालं. भांडायला आलेय खरी, पण भांडणाची जागा देखणी आहे.

कशासाठी आले ते एकदा नीट लिहून ठेवते. केशरबाई या वस्तीवरची विधवा. नवऱ्यामागे जमीन तिच्या नावावर आली. पोटी एकच लेक, अश्विनी, सुप्याला कारखान्यात कामाला असते. दिराची मुलं ज्ञानेश्वर आणि अमृत ही जमीन आपलीच धरून बसली होती, कारण लेक म्हणजे परक्या घरची. दोन वर्षांपूर्वी बेलापुरात माझं भाषण झालं. मी म्हटलं, बायांनो, साडीचोळीवर हक्कसोड लिहून देता तेव्हा तुम्ही जमीन सोडत नाही, आपल्या लेकीबाळींना उघड्यावर सोडता. भाषण संपल्यावर ही बाई व्यासपीठाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. म्हणाली, माझं लेकीला द्यायचंय, कसं द्यायचं ते सांगा.

श्रीरामपूरला वकिलाकडे मृत्युपत्र झालं. तिच्यामागे ते अमलात कोणी आणायचं, तर मी. वकिलाने माझ्या नावापुढे 'निष्पादक' असा शब्द टाकला. मी तो खोडायला लावला. मृत्युपत्र बाईचं, देणं बाईला, पार पाडणारी बाई. मग पुरुषाची टोपी मी का घालू? निष्पादिका लिहा. केशरबाईला तो शब्द उच्चारता येईना. हसून म्हणाली, "म्हंजी माझ्या मागं माझं राहिलेलं करनारी." कायद्याच्या कुठल्या पुस्तकात इतकी नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. मग तिने शाईत अंगठा बुडवला आणि असा दाबला की कागद फाटतो की काय!

गेल्या आषाढात ती गेली. कुट्टी मशीनमध्ये, म्हणजे गुरांचा चारा बारीक करायच्या विजेच्या यंत्रात, पदर अडकून उजवा हात आत ओढला गेला. दवाखान्यात नेईपर्यंत अंगातलं रक्त संपलं होतं. आता तलाठ्याकडे अश्विनीच्या नावाची नोंद लागेपर्यंत तिच्या खोलीत मी राहणार. कागद कचेरीत चालतो, शेतात ताबा चालतो, हे मी जन्मभर बायांना सांगत आले. आता करून दाखवते.

केशरबाईची जाऊ गोजरबाई, म्हणजे या दोघांची आई, फार गोड बोलते. उजवा हात पदराखाली ठेवते, डाव्याने वाढते. लकवा असावा. भाकरी मात्र दृष्ट लागावी अशी.

८ जानेवारी, बुधवार

काल तलाठी कार्यालयात अर्ज दिला. हरकतीची मुदत आहे, ती संपली की नोंद. ज्ञानेश्वरनेच गाडीतून नेलं. हरकत घेणार का, असं मी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, काकीच्या शब्दाबाहेर आम्ही न्हाई.

खोली नीटनेटकी आहे. स्लॅबचं घर, पुढे गोठा, गोठ्याला लागून चाऱ्याची खोली, तिथेच ते मशीन. संकरित गाई, सकाळ-संध्याकाळ दुधाचा टेम्पो येतो. टेम्पो शेजारच्या खाजाभाईचा. लाईट आली की मशीन सुरू होतं आणि सगळं घर थरथरतं. केशरबाईला ज्याने खाल्लं ते यंत्र तसंच चालू आहे, नुसतं धुऊन. मी तसं बोलून दाखवलं. गोजरबाई म्हणाली, गुरं उपाशी ठेवायची का?

दुपारी एक प्रकार पाहिला, लिहावासा वाटत नाही. एक बेवारशी कुत्रं दुधाच्या बादलीत तोंड घालत होतं. अमृत जेवायला बसला होता. तो उठला, फावडं घेतलं, कुत्र्याच्या पाठीत घातलं. कण्याचा आवाज माझ्यापर्यंत आला. कुत्रं पुढच्या पायांवर घसटत निघालं तेव्हा त्याने दुसरा घाव शांतपणे डोक्यावर घातला. हात धुतले आणि उरलेली भाकरी खाल्ली. मी खूप बोलले. भाषणच केलं. तो ऐकत होता. सगळे ऐकत होते. ज्ञानेश्वर तर मान डोलावत होता, जसे सभेत पहिल्या रांगेतले डोलावतात.

१० जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी चहाला ज्ञानेश्वरने तो शब्द विचारला. निष्पादिका. पहिल्या झटक्यात बरोबर उच्चारला. म्हणाला, म्हंजी कायद्यानं तुमी काकीच्या जागी?

मला आनंद झाला. इतकं सोपं करून वकीलही सांगत नाहीत. मी म्हटलं, अगदी तसंच. मेलेल्या माणसाचं जे व्हायचं राहिलं ते निष्पादिका त्याच्या जागी उभी राहून करते. तिचा हात म्हणजे त्याचा हात. मी रंगात आले होते. गोजरबाई भिंतीला टेकून ऐकत होती. तिने सांगितलं की त्यांच्या घरात हे आधीपासून आहे. घरातली बाई अपघातात गेली की वर्षाच्या आत एका बाईला तिच्या जागेवर बसवतात. तिचं लुगडं, तिचा पाट, तिच्या आवडीचं जेवण. मग गेलेलीचं जे राहिलं असेल ते ती बाई पुरं करते. केशरच्या जागेवर अजून कोणी बसलं नाही. तुमी बसाल का?

मी अंगात येण्याविरुद्ध, नवसाविरुद्ध, गंड्यादोऱ्यांविरुद्ध गावोगाव बोललेली बाई. पण यात भटजी नाही, दक्षिणा नाही. विधवेला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत आपल्याकडे. इथे विधवेच्या पाटाला मान आहे. आणि गंमत पाहा, कायद्याने इंग्रजांकडून जे घेतलं ते या घराने चुलीजवळ आधीच ठरवून ठेवलंय! मी हो म्हटलं.

१२ जानेवारी, रविवार

दुपारी बसले. केशरबाईचं हिरवट काठाचं नऊवारी गोजरबाईने नेसवलं, एका हाताने, पण किती सराईतपणे. बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, भरली वांगी. भावकीतले पन्नासेक लोक असतील. एकेक येऊन पाया पडे आणि म्हणे, काकी. कुणी आजी म्हणालं, कुणी वहिनी. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाया कोणी पडलं नव्हतं.

अश्विनी सुप्याहून आली. गळ्यात पडून आई, आई म्हणून रडली. रडता रडता कानाशी तोंड आणून कुजबुजली, "ताई, कशाला बसलात? बसू नका म्हनून मी फोनवर निरोप दिला हुता ना?" मला तिचा कसलाच निरोप मिळाला नव्हता. की त्यांनी तो पोचू दिला नव्हता? तेवढ्यात गोजरबाईने तिला दंडाला धरून उठवलं. संध्याकाळच्या आत गाडीत घालून पाठवलीसुद्धा.

अमृत सगळ्यांत शेवटी आला. पाया पडला नाही. माझा उजवा हात घेतला, अंगठा स्वतःच्या कपाळावर दाबला, आणि खूप वेळ सोडला नाही.

१३ जानेवारी, सोमवार

सकाळपासून मला कोणी ताई म्हटलेलं नाही.

काकी, शेण काढा. काकी, धार काढायची हाय. पहिल्यांदा हसले. मग सांगितलं की रीत झाली, आता पुरे. ज्ञानेश्वर हसला आणि म्हणाला, "काकी, तुमी पयल्यापास्नं अशाच. कामाचं नाव काढलं की भाषान."

मोबाईल चार्जिंगला लावला होता, तो नाही. विचारलं तर म्हणाला, काकीकडं कुठं मोबाईल हुता? माझ्या साड्यांची बॅग नाही. चष्मा गोजरबाईने स्वतः माझ्या नाकावरून काढून घेतला, लहान मुलाचा काढतात तसा. केशरला दिसत हुतं की चांगलं.

दुपारी कागदपत्रांची पिशवी उघडली तर अमृत दारात. त्याने पेन उचलून पाहिलं, मोडलं, फेकलं. काकीला कुठं लिहिता येत हुतं, एवढंच बोलला. मग माझ्या तोंडात मारली. उलट्या हाताने. दात ओठात घुसला. इतकी वर्षं माझ्यावर दगड आले, शेण आलं, शिव्या आल्या. घरात शिरून थोबाडीत कोणी मारली नव्हती. आणि मारल्यावर तो शांतपणे म्हणाला, जा, वैरन टाका.

रोजनिशी कमरेला खोचलेली होती म्हणून त्यांच्या हाती लागली नाही. पोलक्यात पेन्सिलीचा तुकडा आहे. चाऱ्याच्या खोलीत पेंढ्यांच्या मागे बसून लिहितेय. अक्षरं धुरकट दिसतात.

हा पोरखेळ नाही. वेडही नाही. घाबरवून नोंद थांबवायची ही युक्ती आहे. मी युक्त्यांना भीत नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

पळाले. त्यांच्याकडे संक्रांतीची गडबड होती. बांधावरून सडकेला लागले. ओठ सुजलेला, अंगावर तेच लुगडं. रिक्षा आली. हात केला. म्हटलं, बेलापूरच्या पोलीस चौकीत ने. रिक्षावाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि काकी, सणाचं कुठं निघालात, म्हणून रिक्षा वळवली ती सरळ वस्तीच्या दारात. रविवारी तो जेवायला होता. मी ओरडत होते. सडकेवरची माणसं बघत होती. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, केशरवहिनी, घर सोडू नये.

रिक्षातून ज्ञानेश्वरने केसांना धरून काढलं. दारातून गोठ्यापर्यंत फरफटत. गोठ्याच्या दगडावर गुडघ्याची वाटी आपटली. पाय टेकवत नाही.

नंतर कुडापलीकडून बानू बोलली. खाजाभाईची बायको. तिच्या शेळ्या इकडे येतात. आवाज इतका खाली की श्वासच वाटावा. म्हणाली, केशरभाबीचा पदर अडकला न्हवता. पदर तर कमरेला खोचलेला. अमृतनं हात धरला हुता, ज्ञानेश्वरनं बटन दाबलं. मधी बंद केलं, अंगठा देती का इचारलं. न्हाई म्हनली. परत चालू केलं.

परत चालू केलं.

मी तिला म्हटलं, माझा निरोप पोचव, सावेडीत, नाहीतर श्रीरामपूरच्या वकिलाला. ती म्हणाली, टेम्पो त्यांच्या दुधावर चालतो, ताई. पण ताई म्हणाली! पोचवते म्हणाली.

१५ जानेवारी, बुधवार

सकाळी बानू शेळ्या घेऊन गेली. मी कुडाशी गेले. तिने वर पाहिलं नाही. गालावर वळ, डोळा मिटलेला. म्हणाली, "सलाम, केशरभाबी." आणि गेली.

दुपारी कागद आणला. जमीन खुशीने पुतण्यांना दिली, खाली केशरबाईचं नाव आणि अंगठ्यासाठी मोकळी जागा. शाईची डबी. मी हसले. फाटक्या ओठाने हसले! म्हटलं, मूर्खांनो, मेलेल्या बाईच्या नावावर माझा अंगठा, हा कागद कोणत्या कचेरीत चालेल? ज्ञानेश्वर म्हणाला, कचेरीचं नंतर. अश्विनी हक्कसोड देईल की, ती भित्री हाय. पन लेकीच्या तोंडचं वढून खाल्लं तर रान पिकत न्हाई, तळतळाट लागतो. काकीनं आपल्या हातानं दिलं पायजे. तेवढंच राहिलंय काकीचं.

कोर्टासाठी नाही. त्यांना खरंच माझा अंगठा तिचा वाटतो. यांच्याशी वाद कसा घालायचा? पन्नास सभांमध्ये मी काय उत्तर दिलं असतं?

गोजरबाई जवळ बसली. पहिल्यांदा उजवा हात पदराबाहेर काढला. मनगटाला संपतो. लकवा नव्हे. टोक गुळगुळीत, जुनं. सासऱ्यानं घेतला, म्हणाली. माहेरच्या जमिनीत माझा हिस्सा हुता, तो नवऱ्याच्या नावावं करीना म्हनून. तवा मशीन न्हवतं, कुऱ्हाड हुती. मग डाव्याचा दिला अंगठा. काय बिघडलं? भाकरी येतीच की मला.

मी तिला म्हटलं, बाई, तुझा हात ज्यांनी तोडला त्यांचंच काम तू करतेस? तिचा चेहरा हलला. एक क्षण. मग थुंकली माझ्यावर. म्हणाली, माझा गेला, केशरचा गेला, तुझाच काय सोन्याचा हाय?

१६ जानेवारी, गुरुवार

चाऱ्याच्या खोलीत कोंडलंय. मशीन इथेच आहे. पात्यावर हिरवा रस वाळलेला. लाईट नाही म्हणून शांतता.

सकाळी पुन्हा कागद. अमृतने पाठीवर वेताने फोडून काढलं. लुगडं पाठीला चिकटलंय. मी म्हटलं, आण. तो खुश झाला. शाई पुढे केली. मी त्याच्या खिशातलं पेन ओढलं आणि अंगठ्याच्या जागी सही केली. माझं नाव. शालन. पुढे — निष्पादिका. ठळक. काना, मात्रा, वेलांटी सगळं जिथल्या तिथे.

गोजरबाई कपाळावर हात मारून रडायला लागली. केशर असं करत न्हवती, म्हणे.

ज्ञानेश्वर म्हणाला, लिहिनारा हात हाय तवर हिच्यात केशर येनार न्हाई.

लाईटची वाट बघतायत.

दार आतून अडवायला काही नाही. पेंढ्या. फक्त पेंढ्या. मी भितेय. लिहून ठेवते, मी फार भितेय —

शुक्रवार असेल

डाव्या हाताने. नीट येत नाही.

उजवा गेला. मनगटाच्या वर. दोघांनी धरलं, तिसरी गोजरबाई, पायांवर बसली. आवाज — पाती आधी अडकली. हाडाला. मग नाही अडकली. भिंतीवर — चाऱ्यावर —

गाईंनी तो चारा खाल्ला नाही.

दोरीने करकचून बांधलंय. हळद. मला मरू देत नाहीत. अंगठा हवाय ना. डावा शिल्लक आहे.

बोटं दुखतात. नसलेली. पेन धरल्यासारखी —

पाणी मागितलं. मी काकी हाय म्हन, मग देते, गोजरबाई म्हणाली. नाही. केशर म्हन स्वतःला. नाही.

शालन. शालन. शालन.

दुपार

अश्विनीला आणलंय. सुप्याहून. बाहेर आहे. तिला मारतायत का? नाही. ती रडतेय.

फटीतून बोलली. आई म्हणाली. मग ताई म्हणाली. मला नको ती जमीन, ताई. मला हात पायजेत, मशीनवर काम हाय माझं. मी हक्कसोड देते. तुमी फक्त अंगठा द्या, मग सोडतील. दोघींना सोडतील.

सोडणार नाहीत. केशरबाईलाही हेच म्हणाले असतील.

पोरी, तुझ्या आईने पात्यात हात असताना नाही म्हटलं. ते मी कसं खोडू? माझं नाही ते. तिचं आहे.

असं म्हटलं की फक्त मनात? आवाज निघत नाही.

डोकं हलकं. दोरी सैल झालीय. भिजलंय सगळं. खाली.

लाईट आली.

मशीन. घर थरथरतंय. कडी वाजली. अश्विनी ओरडतेय, द्या, द्या ताई, द्या ना —

लिहून ठेवते. केशरबाईचं रान तिच्या लेकीचं. तिने दिलं. मी अंगठा दिलेला नाही. कुणी दाखवला तर तो माझा नव्हे, तोडलेल्या हाताचा. कोणी वाचलं तर अश्विनीला सांगा, सही करू नको, माझं काम संपलेलं नाही, हा हात आहे तोवर मी लिहि